रद्दींतला नफा कोणाचा?

आपल्या सुशिक्षित मंडळींत अलीकडे एक नवी तक्रार वारंवार कानीं पडते. जुन्या पुस्तकांचे कांहीं लहान व्यापारी म्हणे रद्दीवाल्याकडून किलोच्या भावानें पुस्तकें उचलतात, मोबाईलवर त्यांचीं छायाचित्रें काढतात आणि इन्स्टाग्राम, फेसबुक किंवा अशाच एखाद्या ऑनलाइन बाजारांत तींच पुस्तकें दहापट, पन्नासपट किंमतीस विकतात. 'विविधज्ञानविस्तारा'चा बांधीव खंड किंवा 'सत्यकथे'चे सबंध वर्षाचे अंक, आणि त्यांपुढें हजारांचा आंकडा, असें पाहिलें म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या कपाळास आठ्या पडतात. "ही शुद्ध लूट आहे. यांनीं त्यांत स्वतःचें असें घातलें काय?" हा त्यांचा सवाल. सवाल रोकडा आहे. त्याचें उत्तरही रोकडें दिलें पाहिजे. आमचें म्हणणें असें कीं, या व्यवहारांत लूट झालीच असेल तर ती व्यापाऱ्यानें केलेली नाहीं; पुस्तकाच्या मूळ धन्यानें आपल्याच हातांनीं आपल्या घराची केलेली आहे.

पुस्तक घराबाहेर पडतें कसें, तें पाहा. पुण्यामुंबईंत वाडे आणि चाळी पडून त्या जागीं मनोरे उभे राहत आहेत. आजोबांचें कपाट नव्या सदनिकेंत मावत नाहीं, आणि जागा रिकामी करण्याची मुदत तोंडावर आलेली असते. मग रद्दीवाल्यास हांक जाते. किलोमागें एक रुपया जास्त मिळावा म्हणून त्याच्याशीं अर्धा तास घासाघीस होते. परंतु त्याच अर्ध्या तासांत एखाद्या पुस्तकाचें शीर्षकपान उघडून पाहावें, असें घरांतल्या एकाही पदवीधरास सुचत नाहीं. तराजूस काय, सगळीं पुस्तकें सारखींच! मराठींतला पहिला दिवाळी अंक म्हणून ज्याची ख्याति आहे तो 'मनोरंजना'चा १९०९ सालचा अंक एका पारड्यांत टाकला आणि गेल्या वर्षींचें प्रवेशपरीक्षेचें मार्गदर्शक दुसऱ्या पारड्यांत टाकलें, तर मार्गदर्शकाचेंच मोल अधिक भरेल. कारण तें जाड असतें. तेथून पुढें वाट सरळ आहे: रद्दीचें गुदाम, वापीकडची कागदगिरणी आणि लगदा. या वाटेवर मध्येंच कोणी तरी वांकून एक पुस्तक बाजूस काढतो, त्यावरची धूळ झटकतो, आणि आपण त्याला लुटारू म्हणतों!

त्यानें घातलें काय, तर ओळख घातली. ज्या वस्तूस कोणी ओळखत नाहीं तिला बाजारांत किंमत नसते, मग ती कितीही गुणाची असो. ईबे हा प्रसिद्ध ऑनलाइन बाजार १९९५ सालीं अमेरिकेंत पिएर ओमिड्यार यानें सुरू केला, तेव्हां तेथें विकली गेलेली पहिली वस्तु म्हणजे एक मोडका लेसर-दर्शक होता, असें ती कंपनीच सांगते. तो १४ डॉलर ८३ सेंटांस गेला, आणि घेणाऱ्यास तो मोडका असल्याचें पक्कें ठाऊक होतें. त्याला मोडकेच हवे होते! गोष्ट हंसण्यासारखी खरी, पण तिच्यांत या सर्व व्यापाराचें मर्म आहे. एकाच्या घरांतली अडगळ आणि शेंकडों कोस दूरच्या दुसऱ्याची निकड यांची गांठ घालून देणें हेंच येथें काम असतें. सोलापुरांतील रद्दींत सांपडलेला एखादा कोश नागपूरच्या अभ्यासकास हवा असेल, तर तो त्याच्या टेबलावर नेऊन पोंचविणारा मनुष्य कांहींच करीत नाहीं, असें म्हणणें धाडसाचें आहे.

आतां त्याच्या नफ्याचा हिशेब करूं. समजा, त्यानें ५० पुस्तकांचा गठ्ठा १,००० रुपयांस घेतला. त्यांतील ३० पुस्तकें कसर लागलेलीं, पानें गळालेलीं किंवा कोणी फुकटही न नेणारीं निघालीं. १५ पुस्तकें वर्षभरांत प्रत्येकीं १०० रुपयांस गेलीं. ४ पुस्तकांचे पांच-पांचशें आले. आणि एकाचे दीड हजार. एकूण आले ५,००० रुपये. त्यांतून खरेदी वजा जातां ४,००० उरले. त्यांतूनही पुठ्ठा, सुतळी, जाण्यायेण्याचें भाडें, परत आलेलीं पार्सलें आणि जेथें द्यावी लागते तेथें बाजारवाल्या कंपनीची दलाली वजा करा. शिवाय वर्षभर गठ्ठे उपसण्याची मेहनत आहेच. आपण ज्या दीड हजारांकडे बोट दाखवितों तें त्या पन्नासांतलें एकच पुस्तक असतें. उरलेलीं एकोणपन्नास आपल्याला दिसत नाहींत.

कोणी म्हणेल, राजवाड्यांनीं व केळकरांनीं जुन्या वस्तु अशा विकण्यासाठीं गोळा केल्या काय? नाहीं केल्या. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून घरोघरचीं दप्तरें उघडीत, आणि त्यांतूनच १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापून निघूं लागलीं. दिनकर केळकरांनीं लोकांच्या लेखीं क्षुद्र असे अडकित्ते, दिवे आणि वज्र्या जमविल्या, आणि आज त्या पाहण्यासाठीं आपण तिकीट काढून त्यांच्या संग्रहालयांत जातों. त्या त्यागाची सर या व्यापारास नाहीं, हें उघड आहे. परंतु ज्या समाजांत दर पिढीस एखादाच राजवाडे निपजतो, त्या समाजाचीं सारीं कपाटें त्या एकाची वाट पाहत थांबूं शकत नाहींत. त्याग दुर्मीळ असतो. पोटाची गरज सर्वत्र असते. ती गरज जर शंभर तरुणांस रद्दीच्या ढिगांत पुस्तकें चाळावयास लावीत असेल, तर त्या गरजेचे आभार मानावे.

याहून बळकट आक्षेप दुसराच आहे. पदपथावरचें प्रत्येक पुस्तक मोबाईलवर पारखलें जाऊं लागलें, तर गरीब विद्यार्थ्यास स्वस्त पुस्तक मिळावें कोठून? हा आक्षेप पाठ्यपुस्तकांपुरता आम्हांस पूर्ण मान्य आहे. जून महिन्यांत क्रमिक पुस्तकें दाबून ठेवून भाव वाढविणाऱ्याची वकिली आम्ही करणार नाहीं. परंतु ऐंशीं वर्षांपूर्वींच्या नियतकालिकास विद्यार्थी हें गिऱ्हाईक क्वचितच मिळतें. त्याचें हमखास गिऱ्हाईक म्हणजे कागदगिरणी. शिवाय पदपथ तरी कोठें शाश्वत आहे? दिल्लींतील दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ सालीं न्यायालयाच्या हुकुमानें पदपथावरून उठला, आणि त्याला दुसरी जागा शोधावी लागली.

विकण्याच्या हक्काबद्दल मात्र आतां फारसा वाद राहिलेला नाहीं. सुपाप कीर्तसेंग या थायलंडच्या विद्यार्थ्यानें मायदेशीं स्वस्त मिळणारीं इंग्रजी पाठ्यपुस्तकें मागवून अमेरिकेंत ईबेवर विकलीं. वायली या प्रकाशन संस्थेनें २००८ सालीं त्याच्यावर दावा लावला, आणि खालीं त्याला ६,००,००० डॉलरांचा भुर्दंड बसला. परंतु २०१३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें सहाविरुद्ध तीन मतांनीं कौल दिला कीं, रीतसर छापलेली प्रत विकत घेणाराच तिचा धनी. त्यानें ती पुढें विकावी. मायदेशीं स्वस्त घेऊन परदेशीं महाग विकणें हा तेथेंही गुन्हा ठरला नाहीं.

परंतु हक्क सिद्ध झाला म्हणजे कर्तव्य संपत नाहीं, आणि येथें आमचे चार शब्द या व्यापाऱ्यांसही आहेत. दिसेल त्या पुस्तकास 'दुर्मीळ' म्हणणें, पुनर्मुद्रण पहिली आवृत्ति म्हणून खपविणें, वाळवीचीं भोकें छायाचित्रांत झांकणें, हें सारें सरळ खोटें आहे. त्याहून वाईट म्हणजे चांगला खंड फोडून त्यांतलीं चित्रें सुटीं विकणें. तसें करणारा आणि लगदा करणारा यांत आम्ही फरक मानीत नाहीं. आणि नाणीं, मूर्ति व हस्तलिखितें यांस हात लावण्यापूर्वीं १९७२ चा पुरावशेषांचा कायदा वाचावा. शंभर वर्षांवरील पुरावस्तु व पंचाहत्तर वर्षांवरील महत्त्वाचीं हस्तलिखितें यांचा व्यापार त्याअन्वयें परवान्यावांचून करतां येत नाहीं. खासगी व्यक्तीनें तीं परदेशीं पाठविण्याची तर मुळींच सोय नाहीं. जो आपल्या मालाचे दोष आधीं सांगतो त्याच्याच किंमतीचें समर्थन करणें आम्हांस शक्य आहे.

सरकारनेंही या लहान माणसाकडे पाहिलें पाहिजे. पुस्तकांसाठींची जुनी स्वस्त टपालसोय २०२४ च्या डिसेंबरांत बंद झाली, तेव्हां शंभर रुपयांच्या पुस्तकास टपालखर्चच जड होऊं लागला. २०२५ च्या मे महिन्यांत 'ज्ञान पोस्ट' ही नवी सेवा निघाली हें ठीक झालें. पण अशा सोयी मधूनमधून नाहींशा होऊं लागल्या, तर त्याचा धंदा टिकावा कसा?

शेवटीं प्रश्न आपल्याच घराचा उरतो. बैल गेला आणि झोपा केला, ही आपली जुनी संवय. आजोबांचें पुस्तक दुसऱ्यानें हजारांस विकलेलें पाहून हळहळण्यापेक्षां, रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं एक दुपार त्या कपाटापुढें बसावें. शीर्षकपान उघडावें, साल पाहावें, घरांत ठेवण्याजोगें असेल तें ठेवावें, ग्रंथालयास हवें असेल तें द्यावें, आणि उरलेलें त्या जाणत्या विक्रेत्यास बोलावून रास्त भावानें विकावें. एवढें ज्यांच्या हातून होत नाहीं, त्यांनीं दुसऱ्याच्या नफ्याचा हिशेब मांडूं नये. आपण विकला तो कागद. तो विकतो तें पुस्तक. दोहोंचा भाव एक कसा असेल?