शेजाऱ्याला नाव लपवावे लागू नये

रमजान म्हटले की सहरी, रोजा, इफ्तार आणि तरावीह या गोष्टी सर्वधर्मीय वाचकांना आठवतात. जकात आणि फित्राही आता बऱ्याच जणांना माहीत आहे. याच शिकवणीचा आणखी एक भाग आहे, ज्याची चर्चा कमी होते. तो म्हणजे शेजाऱ्याचा हक्क. हजरत जिब्रईल (अ.) शेजाऱ्याबद्दल इतक्या वेळा ताकीद देत राहिले की शेजाऱ्याला वारसाहक्कच मिळतो की काय असे वाटू लागले, असे हजरत पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये नमूद आहे.

ही शिकवण त्यांच्या सोबत्यांनी कशी घेतली, याचेही एक उदाहरण हदीसमध्ये सापडते. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरा कापला गेला. घरात आल्यावर त्यांनी पहिली विचारणा केली ती आपल्या ज्यू शेजाऱ्याकडे वाटा पोचला की नाही याची. शेजारी कोणत्या धर्माचा आहे, यावरून त्याचा हक्क कमी-जास्त झाला नाही.

नगरच्या वाचकाला हा ज्यू शेजारी दूरचा वाटेल. इथे मंदिर आहे, मशीद आहे, चर्च आहे, गुरुद्वारा आहे. ज्यू हा शब्द मात्र बहुतेकांच्या कानी पडतो तो टीव्हीवरच्या युद्धाच्या बातम्यांतून. तरीही ज्याला आज अहिल्यानगर म्हणतात, त्या या शहराचा आणि ज्यूंचा संबंध पावणेपाचशे वर्षांपूर्वीचा आहे.

बुऱ्हाण निजामशाह पहिला याच्या दरबारात गोव्याहून एक वैद्य येत असे. त्याचे नाव गार्सिया द ऑर्ता. १५३४ साली तो पोर्तुगालहून गोव्याला आला. बुऱ्हाणशाहाशी त्याची मैत्री जमली आणि उपचारांसाठी नगरला त्याचे येणे-जाणे सुरू झाले. दरबारात अरबी आणि फारसी परंपरेत शिकलेले हकीम होते. इब्न सिनाचे वैद्यकशास्त्र त्यांना मुखोद्गत, आणि ऑर्ताही तेच वाचून आलेला. कोणते औषध कशावर चालते, कोणत्या वनस्पतीचे खरे नाव काय, यावर त्यांच्यात वाद झडत. हिंग, कापूर, मिरी, दालचिनी, आंबा, नारळ अशा इथल्या पदार्थांची माहिती त्याने वर्षानुवर्षे जमवली आणि १५६३ साली गोव्यात ग्रंथ छापला. युरोपला भारतीय औषधी नीट कळल्या त्या याच ग्रंथातून. त्यात नगरच्या निजामशाहाचा उल्लेख मित्र म्हणून येतो.

या वैद्याची दुसरी बाजू मृत्यूनंतर उघडी पडली. ऑर्ताचे आईवडील मुळात ज्यू. पोर्तुगालच्या राजाने १४९७ साली तिथल्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले, त्यात हे घराणेही आले. अशा कुटुंबांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत आणि त्यांच्यावर कायम संशयाची नजर असे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. ऑर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुपचूप ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० साली ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली. ज्या गोवा शहराची त्याने आयुष्यभर सेवा केली, त्या शहरात मेल्यावरही त्याची सुटका झाली नाही.

ही कथा ऐकून कोणी ‘ख्रिस्ती राज्य वाईट आणि मुस्लिम राज्य चांगले’ असा सोपा हिशेब मांडेल, तर तो खोटा ठरेल. नगरच्या दरबारातही ऑर्ता पोर्तुगीज ख्रिस्ती म्हणूनच वावरला. शिवाय सत्ता हाती आल्यावर दुसऱ्याचे देवघर तपासण्याचा मोह कोणत्याही एका धर्माच्या लोकांना झाला असे नाही. इतिहासात सगळ्यांच्याच नावावर अशी पाने आहेत. आज पणजीत, चर्चसमोरच्या बागेला याच गार्सिया द ऑर्ताचे नाव आहे. कातारिनाच्या शहरात जन्मलेल्या पिढ्यांनी शहाणपण शिकले, हेही सांगायला हवे.

या कथेतून विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. एखाद्या गावात मूठभर असलेल्या माणसाला आपले नाव, आपला उपवास, आपली प्रार्थना लपवावी लागते का? गाव चांगले की वाईट, हे इथे कळते.

त्याच काळात गोव्याच्या उत्तरेला, कोकणच्या किनाऱ्यावर, या प्रश्नाचे दुसरे उत्तर आकार घेत होते. चौल हे निजामशाहीचे बंदर. त्याच्या आजूबाजूच्या गावांत बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू राहत आले. फार पूर्वी नवगावजवळ जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. गावाने त्यांची सुट्टी मोडली नाही, उलट त्या सुट्टीवरून त्यांना नाव दिले. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, केहिमकर ही आडनावे त्यांनी गावांवरूनच घेतली. अलिबागची इस्रायल आळी आजही त्याच नावाने ओळखली जाते.

रमजानच्या निमित्ताने त्यांच्या जुन्या सणांची नावे तर मुद्दाम आठवावीत अशी आहेत. नववर्षाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत. योम किप्पूर या कडक उपवासाच्या दिवशी घराची दारे लावून घेत, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’. नववर्षानंतरचा उपवास म्हणजे ‘नव्याचा रोजा’. संदेष्टे एलियाहू, ज्यांना मुस्लिम हजरत इलियास (अ.) म्हणतात, त्यांच्या नावाचा ‘उरूस’ भरे आणि मलिदा वाटला जाई. आणि एलुल महिन्यातल्या उपवासांना ते चक्क ‘रमजान’ म्हणत. प्रार्थनास्थळालाही त्यांच्या बोलीत ‘मशीद’ असेच म्हटले जाई. शब्द शेजाऱ्यांकडून आले, उपवास स्वतःचा राहिला. उसना शब्द घेऊन कोणाचा धर्म बाटला नाही, आणि शब्द देणाऱ्याचेही काही कमी झाले नाही.

ख्रिस्ती मराठी माणसाचाही या कथेत वाटा आहे. मिशनऱ्यांनी मुंबईत आणि कोकणात बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. धर्मांतराची आशा त्यामागे होती, हे खरे. पण त्या शाळांत शिकून धर्मांतर फार थोड्यांनी केले; बहुतेकांनी हिब्रू शिकून आपलीच प्रार्थना नीट म्हणायला सुरुवात केली. पुढे १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायचे हिब्रू पुस्तक मराठी भाषांतरासह छापले गेले. ज्या नगरमध्ये १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम उभे राहिले आणि १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झाले, तिथल्या ख्रिस्ती वाचकाला शाळा आणि छापखान्याची ही ताकद वेगळी सांगायला नको.

बेने इस्रायल समाजात सांगितली जाणारी आणखी एक कथा आहे. इंग्रजांच्या पलटणीतला सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. कैद्यांना जात विचारली गेली. हा म्हणाला, बेने इस्रायल. टिपूच्या आईने ते ऐकले. कुरआनात ‘बनी इस्राईल’ हे नाव तिने अनेकदा वाचले होते, त्या नावाची एक सूरहच आहे, पण असा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. तिने मध्यस्थी केली आणि त्याचा जीव वाचला. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. मस्जिद बंदर स्थानकाचे नाव त्याच ‘जुन्या मशिदी’वरून पडले, असे सांगतात. लोककथेचे तपशील कोणी तपासत बसोत. एका ज्यू समाजाने आपल्या पहिल्या प्रार्थनास्थळाच्या जन्मकथेत एका मुस्लिम आईचे कुरआनवाचन जपून ठेवले आहे, ही गोष्ट छोटी नाही. आपले खरे नाव उघड सांगितल्यामुळे माणूस वाचला, हा त्या कथेचा गाभा आहे. ऑर्ताच्या कथेत बरोबर याच्या उलट घडले.

आज हा समाज भारतात काही हजारांवर आला आहे. बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्रायलला गेली. तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढण्याइतकी मराठी त्यांनी जपली. इथे राहिलेल्यांना महाराष्ट्र शासनाने जून २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत आता बहुसंख्य मुले मुस्लिम आहेत. ज्यू दात्याच्या नावाच्या शाळेत ती शिकतात आणि रमजानमध्ये रोजे ठेवून वर्गात बसतात.

पण दर्जाच्या कागदाने सगळे होत नाही. दूर देशात बॉम्ब पडला की इथल्या माणसाकडे वळून पाहिले जाते. गाझामधल्या मुलांचे हाल पाहून ज्याचे मन पिळवटत नाही, तो माणूस नव्हे. तो अन्याय स्पष्ट बोललाच पाहिजे. मात्र त्या सरकारच्या कृत्याचा जाब अलिबागच्या किंवा ठाण्याच्या मराठी ज्यू आजीला विचारता येणार नाही. हे मुस्लिमांना सर्वांत आधी कळायला हवे, कारण जगात कुठे काही घडले की त्याचा जाब नगरच्या मुस्लिम पोराला शाळेत, नोकरीत आणि भाड्याच्या खोलीच्या दारात विचारला जातो. जे दुखणे स्वतःच्या वाट्याला आले, ते दुसऱ्याला देण्याचा हक्क कोणाला नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाऊसमधले ज्यू मारले गेले. त्यानंतर मुंबईच्या मोठ्या कब्रस्तानच्या मुस्लिम विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना दफनासाठी जागा नाकारली. निष्पापांचे रक्त सांडणाऱ्याला आमच्या जमिनीत जागा नाही, एवढा साधा त्यांचा निर्णय होता. जाब कोणाला विचारायचा आणि कोणाला नाही, याचा तो धडा होता.

या रमजानमध्ये नगरमध्येही इफ्तारची निमंत्रणे निघतील, सर्वधर्मीय पाहुणे येतील, फोटो छापून येतील. ते चांगलेच आहे. त्याबरोबर प्रत्येक गल्लीने आपल्याकडे सर्वांत कमी संख्येने कोण आहे, हेही पाहावे. हिंदूंच्या वाड्यातले एकमेव मुस्लिम कुटुंब असेल, मुस्लिम मोहल्ल्यातले एकटे ख्रिस्ती घर असेल, गावकुसाबाहेरची भटक्यांची पाले असतील. त्या घराच्या दारावरची पाटी खऱ्या नावाची आहे का, त्यांच्या सणाला गल्लीतले कोणी जाते का, त्यांच्या ताटाबद्दल कोणी नाक मुरडते का, हे पाहावे आणि इफ्तारच्या शिरखुर्म्याची पहिली वाटी त्या घरी पाठवावी.

हजरत पैगंबर (स.) यांच्यासमोरून एक अंत्ययात्रा चालली होती. ते उठून उभे राहिले. ती ज्यू माणसाची आहे, असे कोणीतरी सांगितले. त्यावर त्यांनी विचारले की, तोही एक जीवच नव्हता का? दिवसभर पाणी न पिता काढलेला रोजा माणसाला एवढे उभे राहायला शिकवत असेल, तर तो कबूल होवो.