खोलीगणिक नाताळवृक्ष

अमेरिकेत नोव्हेंबरातील ‘थँक्सगिव्हिंग’चा सण आटोपला की घरोघरी नाताळवृक्षाची तयारी सुरू होते. पूर्वी सामान्य घरात असे झाड एकच असे आणि ते दिवाणखान्यात असे. अलीकडे मात्र अनेक सुस्थित कुटुंबांत प्रत्येक खोलीसाठी निराळे झाड आणि प्रत्येक झाडाला निराळा विषय अशी रीत पडली आहे. स्वयंपाकघरातील झाडावर बिस्किटांचे साचे आणि लाकडी पळ्या, मुलांच्या खोलीत खेळणी, शयनगृहात केवळ शुभ्र आणि रुपेरी सजावट. हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मोल विचारल्यावाचून राहवत नाही.

ही रीत मुळात राजवाड्यातली आहे. व्हिक्टोरिया राणी, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुले नाताळवृक्षाभोवती उभी आहेत, असे चित्र ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने 1848 साली छापले आणि जर्मनीतील ही प्रथा इंग्रज मध्यमवर्गाने उचलली. विंडसरच्या वाड्यात इतर दालनांतही अशी झाडे मांडली जात. मध्यमवर्गाला मात्र एकच परवडले. झाडाला ‘विषय’ देण्याची प्रथा प्रतिष्ठित झाली ती 1961 साली. त्या वर्षी जॅकलिन केनेडी यांनी व्हाइट हाउसच्या ‘ब्लू रूम’मधील झाड चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’ या नृत्यनाट्याच्या कल्पनेवर सजवविले. तेव्हापासून तेथे झाडासाठी विषय योजण्याची प्रथा रुळली.

थॉर्स्टाइन व्हेब्लेनने 1899 साली ‘दिखाऊ उपभोगा’ची मीमांसा केली. तिचा आधार घेऊन या सर्व प्रकाराला श्रीमंतीचे प्रदर्शन म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण शयनगृहातील झाड पाहुण्यांच्या दृष्टीस क्वचितच पडते. तेव्हा केवळ प्रदर्शनाने त्याचा उलगडा होत नाही. याहून उपयुक्त साक्ष फ्रेंच विचारवंत दिदेरो याची आहे. त्याला कोणी एक उंची झगा भेट दिला. त्या झग्यापुढे जुनी खुर्ची, जुने मेज, भिंतीवरची चित्रे सारेच विशोभित दिसू लागले आणि एकामागून एक सर्व बदलावे लागले. जुन्या झग्याचा मी धनी होतो, नव्याचा दास झालो, अशा आशयाची खंत त्याने 1769 च्या सुमारास एका निबंधात व्यक्त केली. विषयबद्ध झाडाचे असेच होते. एकदा ‘शुभ्र व रुपेरी’ हा विषय ठरला की लाल गोळा विसंगत ठरतो आणि पुढच्या वर्षी विषय बदलला की रुपेरी गोळाही.

यात पैसा जातो, ही गोष्ट माझ्या मते दुय्यम आहे. खरी हानी वेगळीच आहे. जुन्या एकुलत्या झाडावर कुटुंबाचा इतिहास टांगलेला असे. आजीने दिलेला काचेचा पक्षी, मुलाने बालवर्गात कातरलेली वाकडी चांदणी, हे सारे एकमेकांशी न जुळणारे असूनही शेजारी नांदत असे. विषयाची शिस्त आली की पहिला बळी जातो तो त्या वाकड्या चांदणीचा. शिवाय पाच झाडे उभारणारे, सजवणारे आणि जानेवारीत उतरवून ठेवणारे हात बहुधा गृहिणीचेच असतात. विकत घेतलेले गोळे राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जातात. तिचे श्रम मोजले जात नाहीत.

तरीही खोलीगणिक झाड ही कल्पना मुळातच वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. स्वयंपाकघरातलेच साचे आणि दालचिनीच्या काड्या तेथील छोट्या झाडावर बांधल्या, मुलांच्या खोलीतले झाड मुलांनीच कागद कातरून सजवले, तर खर्च नगण्य आणि आनंद पदरचा. तेथे विषय घराने दिलेला असतो. तोच विषय जेव्हा दुकानातून बांधून येतो, तेव्हा घर हे केवळ मांडणीचे ठिकाण उरते. एके काळी थुरिंगियातील लाउशा गावात कुटुंबेच्या कुटुंबे घरी काच फुंकून हे गोळे घडवीत आणि वुलवर्थसारखे व्यापारी ते अमेरिकेत नेत. आज या सजावटीचा फार मोठा भाग चीनमधील यिवू शहरातून जातो. माल स्वस्त झाला, हे खरे. पण स्वस्ताईमुळेच तो टाकून देणेही सोपे झाले.

आपणही यावर दुरून हसू नये. गणपतीच्या आराशीला दरवर्षी नवा ‘देखावा’ हवा, हा आग्रह आपल्या घरांतही आहेच. थर्माकोलच्या मखरांचा ढीग एवढा वाढला की 2018 साली महाराष्ट्र शासनाला त्यावर बंदी घालावी लागली. जुन्या साड्यांची आणि घरच्या समयांची आरास त्या बंदीच्या कक्षेत कधीच येणार नव्हती.

झाडे एक असोत वा पाच. त्यांपैकी एकावर तरी त्या वाकड्या चांदणीला जागा असावी. ज्या सजावटीत घरातल्या माणसांच्या हातची वस्तू विसंगत ठरते, ती सजावट कितीही देखणी असली तरी त्या घराची नव्हे.