विश्लेषण : पुरीला जाताना चिल्का सरोवरही पाहणार? मग पक्ष्यांपासून किती लांब राहायचे?

पुरी, कोणार्क, भुवनेश्वर अशी सहल ठरली की अर्धा दिवस चिल्का सरोवरासाठी राखला जातो. हिवाळ्यात येथे लाखो पक्षी असतात आणि पर्यटकांचा हंगामही नेमका तोच. सरोवराला आंतरराष्ट्रीय दर्जा आहे, पण त्याचा अर्थ येथील प्रत्येक पक्षी कायद्याच्या कुंपणात सुरक्षित आहे असा होत नाही. चिल्कामध्ये नेमके काय संरक्षित आहे, बोट जवळ गेल्याने पक्ष्यांचे काय बिघडते आणि पर्यटकाने काय पाळावे, याचा हा आढावा.

चिल्का हे नेमके कसले सरोवर?

चिल्का हे खाजण सरोवर म्हणजे लगून आहे. वाळूच्या लांब दांड्याने ते बंगालच्या उपसागरापासून वेगळे झाले आहे. एका बाजूने महानदीच्या दया, भार्गवी या शाखा गोडे पाणी आणि गाळ आणतात, तर दुसऱ्या बाजूने मुखातून समुद्राचे खारे पाणी आत येते. त्यामुळे उत्तरेकडे पाणी गोडसर, समुद्रमुखाजवळ खारट आणि मध्ये मचूळ असते. पुरी, खोर्धा आणि गंजाम या जिल्ह्यांत पसरलेल्या या सरोवराचे क्षेत्र उन्हाळ्यात सुमारे ९०० चौरस किलोमीटर असते आणि पावसाळ्यात ते ११०० चौरस किलोमीटरच्या पुढे जाते. बहुतेक ठिकाणी पाणी उथळच आहे. पावसाळा सरला की पाणी ओसरते, चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि त्यातील किडे, शिंपले, कोळंबीची पिल्ले पक्ष्यांच्या चोचीच्या टप्प्यात येतात.

येथे कोणते पक्षी असतात?

जानेवारीत होणाऱ्या वार्षिक गणनेत २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ११ लाखांहून अधिक पक्ष्यांची नोंद झाली. त्यात उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडत आलेली बदके आणि गॉडविट (मालगुजा), तुतवार, चिखल्या असे पाणथळीच्या काठाने चरणारे पक्षी मोठ्या संख्येने असतात. मात्र शेकाट्या, टिटवी, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, नदी सुरय हे येथेच राहणारे पक्षी आहेत. पाहुणे मार्च-एप्रिलमध्ये परततात, तेव्हा या स्थानिक पक्ष्यांचा विणीचा काळ सुरू झालेला असतो. शेकाट्या, टिटवी आणि सुरय जमिनीवरच अंडी घालतात. अंड्यांचा रंग चिखल-वाळूशी इतका मिसळतो की ती पायाखाली आली तरी कळत नाही. म्हणून पर्यटकांची गर्दी ओसरल्यावरही बेटांवर उतरणे धोक्याचेच असते.

रामसर दर्जा असताना वेगळी चिंता कशाला?

चिल्का आणि राजस्थानातील केवलादेव ही १९८१ मध्ये रामसर यादीत गेलेली भारतातील पहिली दोन ठिकाणे. पण रामसर करार पाणथळीचा वापर बंद करायला सांगत नाही, तो शहाणपणाने करायला सांगतो. त्यामुळे चिल्कामध्ये मासेमारी, प्रवासी वाहतूक आणि पर्यटन सुरूच असते. वन्यजीव कायद्याखाली पक्षी अभयारण्य आहे ते फक्त नलबाण हे बेट. १९८७ मध्ये अभयारण्य झालेल्या या बेटाचे क्षेत्र १५.५३ चौरस किलोमीटर, म्हणजे साऱ्या सरोवराच्या जेमतेम दीड टक्का. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते आणि हिवाळ्याच्या तोंडावर पुन्हा वर येते. तेथे पर्यटकांना उतरू दिले जात नाही. उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव टक्के पाण्यात पक्ष्यापासून किती अंतर ठेवायचे, हे बहुतांशी नावाडी आणि त्याच्या बोटीतले प्रवासी ठरवतात.

बोट जवळ गेली तर बिघडते काय?

थवा एकदम उडतो, फोटो छान मिळतो. पक्ष्याच्या हिशेबात मात्र तो तोटा असतो. स्थलांतर करणारा पक्षी हिवाळाभर खाऊन अंगावर चरबी साठवतो आणि तीच त्याची परतीच्या प्रवासाची शिदोरी असते. प्रत्येक अनावश्यक उड्डाणात ती खर्च होते आणि चरण्याचा वेळही जातो. एका बोटीने फार फरक पडणार नाही, पण सकाळपासून दहा बोटी त्याच थव्यावर गेल्या तर पक्षी ती जागाच सोडतो. विणीच्या काळात आईबाप घरट्यावरून उठले, तर उघडी अंडी उन्हात तापतात किंवा कावळ्याच्या तोंडी जातात. ड्रोन तर पक्ष्यांना शिकारी पक्ष्यासारखाच वाटतो.

सातपाडा परिसरातील इरावती डॉल्फिनचेही असेच आहे. आवाजाच्या आधाराने मासे शोधणाऱ्या आणि श्वासासाठी वर येणाऱ्या या प्राण्याला इंजिनाच्या बोटींनी घेरले की त्याची दोन्ही कामे अडतात.

सरोवर स्वतः संकटात होते का?

होते. गाळ साचून समुद्रमुख सरकत गेले, खारे पाणी आत येईना, गोड्या पाण्यातील तण माजले आणि मासळी घटली. १९९३ मध्ये चिल्काचे नाव रामसरच्या धोक्यातील स्थळांच्या ‘माँत्रो’ यादीत गेले. उपाय शोधण्यात पुण्याजवळच्या खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचा वाटा होता. प्रवाहांचा अभ्यास करून कोठे नवे मुख काढावे, हे सुचवले गेले. सप्टेंबर २००० मध्ये सिपाकुडाजवळ ते खोदण्यात आले आणि समुद्रापर्यंतची वाट सुमारे १८ किलोमीटरने कमी झाली. वर्षाला पावणेदोन हजार टनांच्या आसपास घसरलेली मासळी २००१-०२ मध्ये १२ हजार टनांजवळ पोहोचली. २००२ मध्ये चिल्का धोक्याच्या यादीतून बाहेर आले.

कोळंबीच्या बंदिस्त शेतीचा प्रश्न मात्र पाण्यापुरता नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चिल्काच्या काठापासून हजार मीटरच्या आत अशी शेती करण्यास मनाई केली. या शेतीविरोधात पारंपरिक मच्छीमारांचे आंदोलन सुरूच राहिले आणि मे १९९९ मध्ये सोराना गावात पोलिसांच्या गोळीबारात चार जणांचा जीव गेला. सरोवरावर दोन लाखांहून अधिक मच्छीमारांचे पोट आहे. त्यांना वगळून आखलेले संरक्षण टिकत नाही, हा धडा येथे महागात मिळाला.

मंगलाजोडीने वेगळे काय केले?

उत्तर काठावरील मंगलाजोडी हे एकेकाळी पक्ष्यांच्या शिकारीसाठी कुख्यात गाव. मांसासाठी पक्षी मारून विकणे हा तेथे धंदाच होता. २००० च्या सुमारास ‘वाइल्ड ओरिसा’ संस्थेच्या पुढाकाराने शिकाऱ्यांनीच पक्षी संरक्षण समिती उभारली. पक्षी कोठे बसतो, कधी चरतो, हे शिकाऱ्याला जितके ठाऊक तितके दुसऱ्या कुणाला असणार? तेच ज्ञान आता वाटाड्याच्या कामी येते. येथे पक्षी पाहण्यासाठी बांबूने रेटायची नाव वापरतात. इंजिन नसल्याने पक्षी बिचकत नाहीत आणि पर्यटकाला ते जवळून, शांतपणे दिसतात. मेलेला पक्षी एकदाच पैसे देतो, जिवंत पक्षी दर हंगामात देतो, हे गणित गावाला पटले.

मग पर्यटकाने काय करावे?

* नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, शक्यतो पहाटे जावे. पक्ष्यांसाठी मंगलाजोडी निवडावे.
* ‘आणखी जवळ घ्या’ असा आग्रह धरू नये. पक्षी माना वर करून सावध झाले की बोट थांबवायला सांगावी.
* डॉल्फिन दिसल्यास पाठलाग करू देऊ नये, इंजिन बंद करायला सांगावे.
* बेटांवर उतरू नये, खाणे टाकू नये, ड्रोन नेऊ नये.
* दुर्बीण न्यावी. मोबाइलच्या झूमपेक्षा ती पक्ष्याला आणि डोळ्यांना बरी.
* स्थानिक वाटाड्याला ठरलेले पूर्ण पैसे द्यावेत.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही मिळाला. अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर, म्हणजे नलबाणएवढेच. ऐरोलीहून बोटीने फ्लेमिंगो पाहायला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पाणी उथळ, पक्षी चिखलावर आणि बोट त्यांच्या दिशेने, हे चित्र दोन्हीकडे सारखेच. नावाड्याला ‘इथेच थांबा’ म्हणण्याची सवय पुरीच्या सहलीत लागली, तर तिचा उपयोग ऐरोलीतही होईल.