एसीपी प्रद्युम्न यांचे मरण : एक तक्रार

'सीआयडी' आवडीने पाहतो, असे साहित्याच्या बैठकीत उघडपणे सांगण्याची आपल्याकडे रीत नाही. आम्ही ती मोडतो. एप्रिल २०२५ मधील नागपूरच्या उन्हाळ्यातली ती रात्र. कूलरच्या घरघरीवर मात करण्यासाठी टीव्हीचा आवाज चढवून आम्ही पाच-सहा जण धरमपेठेतल्या एका स्नेह्यांच्या घरी बसलो होतो. आमच्यांतले निम्मे मराठीचे अध्यापक. प्रयोजन एकच, एसीपी प्रद्युम्न यांचे मरण पाहणे. भाग संपला तेव्हा कोणाचे डोळे ओलावले नव्हते. कोणी चिडलेही नव्हते. 'चहा टाकू का?' असे यजमानांनी विचारले. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, 'अहो, मालिकाच ती. तिच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची?' हे टिपण त्या वाक्यास उत्तर म्हणून आहे.

ही मालिका सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली, ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आली. बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम यांना मराठी प्रेक्षक त्याही आधीपासून, मुंबई दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य'पासून, ओळखत होता. 'सीआयडी'तले वास्तव तकलादू आहे, हे आम्हांस मान्यच आहे. दयाच्या धक्क्याने दार मोडते, एका थपडेत गुन्हेगार कबुली देतो आणि न्यायालयाची पायरी न चढताच त्याला फाशीची शिक्षा सुनावली जाते. तरीही या साऱ्या अतर्क्यात मालिकेने आपल्याला एक शब्द दिलेला होता : माणूस मेला, तर त्याच्या मरणाचा हिशेब लागेल. प्रेत डॉ. साळुंखे यांच्या टेबलावर येई आणि तिथून तपास सुरू होई. कोणाचेही मरण क्षुल्लक नसे. स्वतःच्या गुन्हेगार मुलावर गोळी झाडण्याची वेळ याच प्रद्युम्न यांच्यावर आली होती, आणि त्या प्रसंगाचे ओझे साटमांच्या चेहऱ्यावर पुढेही जाणवत राहिले, असे आम्हांस वाटते.

एप्रिलच्या भागाने हा शब्द मोडला. बार्बोझा नावाच्या खलपुरुषाने (भूमिका तिग्मांशू धुलिया यांची) घडवलेल्या स्फोटात प्रद्युम्न यांचा अंत होतो. परंतु ते मरणार, ही वार्ता प्रेक्षकांपर्यंत भागाच्या आधीच पोहोचली होती. ज्या मालिकेचे सारे बळ रहस्यात, तिने आपले सर्वांत मोठे रहस्य जाहिरातीसाठी खर्चून टाकले. एवढ्यावर भागले नाही. वाहिनीने समाजमाध्यमांवर, खरोखरीच्या दिवंगताला वाहावी तशी श्रद्धांजली वाहिली. इथे आमचा आक्षेप अधिक गंभीर आहे. फ्रेड्रिक्सची भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये खरोखरच गेले होते. ते दुःख प्रेक्षकांच्या मनात ताजे होते. त्याच घरात, त्याच भाषेत, काल्पनिक सुतकाची जाहिरात व्हावी? पुढे काही महिन्यांच्या आतच प्रद्युम्न जिवंत परतले, आणि त्या श्रद्धांजलीला काय म्हणावे हे कोणालाच कळेना.

येथे कोणी शेरलॉक होम्सचा दाखला देईल. आर्थर कॉनन डॉइलनेही १८९३ मध्ये होम्सला रायखेनबाखच्या धबधब्यात लोटले आणि १९०३ मध्ये परत आणलेच ना? दाखला योग्य आहे, पण तो आमच्याच बाजूने साक्ष देतो. डॉइलला आपल्या नायकाचा खरोखरच कंटाळा आला होता. ते मरण लेखकाच्या मनाने घेतलेले होते. वाचकांना दहा वर्षांचा विरह सोसावा लागला. मुख्य म्हणजे, होम्सचे प्रेत कधी सापडलेच नव्हते. पाऊलखुणा आणि एक पत्र, एवढ्यावरून वॉटसनने निष्कर्ष काढला होता. म्हणून होम्स परततो तेव्हा वाचक चकित होतो, फसवला जात नाही. पुरावा तोच राहतो. बदलते ते त्याचे वाचन. रहस्यकथेची सारी नीती यात आली. प्रद्युम्न यांच्या परतण्याने मात्र आधीच्या भागाला नवा अर्थ दिला नाही. उलट, होता तो पुसून टाकला.

परक्या उदाहरणाचीही गरज नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयातून झुंजार आणि काळापहाडची पुस्तके आणून एका बैठकीत संपवणारी पिढी आमच्या घरांतून होती, आणि ती अभ्यासक्रमात नसलेली पुस्तके पाठ्यपुस्तकाखाली लपवून वाचली जात. ते लेखन घाईचे होते, एकसुरीही होते. परंतु 'हलके' वाचतो म्हणून आपल्याला फसवले तरी चालेल, असे त्या वाचकाने कधी मानले नाही. कोडे घातले की ते सुटलेच पाहिजे, हा त्याचा हक्क होता.

आमच्या सहकाऱ्यांचे वाक्य म्हणूनच आम्हांस खटकते. 'मालिकाच ती' हे वरवर औदार्य वाटते, पण आत तुच्छता आहे. ज्या वाङ्मयप्रकाराकडून आपण काहीच अपेक्षा करीत नाही, त्याचे समीक्षण करण्याचा अधिकारही आपण सोडून देतो. मग त्याचा दर्जा कोण ठरवणार? प्रेक्षकसंख्येचा तक्ता. निराशेलाही काही पात्रता लागते. ज्यावर विश्वास होता, त्याच्याबाबतच ती संभवते. आम्ही निराश झालो, कारण २७ वर्षे जुन्या या मालिकेवर, तिच्या सर्व मोडक्या दारांसह, आमचा विश्वास होता.

पुढच्या सत्रात कथनमीमांसा शिकवताना डॉइलची ती कथा आणि हा भाग शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा आमचा विचार आहे. सहकाऱ्यांनाही बोलावणार आहोत. चहा आमच्याकडून.