टाळेबंदीतील माझा खोटा छंद

(द्वितीय वर्ष, कला)

नववीत असताना मी एक खोटा निबंध लिहिला होता. साल २०२०, पावसाळ्याचे दिवस. शाळा बंद होती, वर्ग मोबाइलवर भरे आणि मोबाइल वडिलांचा होता. एके दिवशी विषय आला, 'टाळेबंदीत मी जोपासलेला छंद'. मी बेधडक लिहिले की मला पोस्टाची तिकिटे जमवण्याचा छंद आहे. वास्तविक आमच्या घरी हाताने लिहिलेले पत्र कधी आलेच नाही. निबंधमालेत तिकिटांचा छंद सापडला, तो उतरवला आणि शेवटी 'छंदामुळे जीवन समृद्ध होते' असे एक वाक्य जोडले. बाईंनी 'सुंदर!' असा शेरा दिला. निबंधातले बाकी सारे मी विसरले, तो शेरा मात्र अजून बोचतो.

ही जुनी गोष्ट आज उकरून काढण्याचे कारण असे. यंदा वर्गात सरांनी बोकाचिओच्या 'डेकॅमेरॉन'ची ओळख करून दिली. १३४८ साली फ्लॉरेन्स शहरात प्लेगने माणसे पटापट मरत असताना सात तरुणी आणि तीन तरुण शहराबाहेरच्या एका वाड्यात जाऊन राहतात. वेळ घालवण्यासाठी रोज प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची. दहा दिवसांत शंभर गोष्टी होतात. वर्ग खूश झाला. तास संपल्यावर एक मैत्रीण म्हणाली, "आपणही टाळेबंदीत असेच मजेत होतो की गं!" मला काही हसता आले नाही. ग्रंथालयातून त्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर आणून चाळले, तेव्हा कळले की त्या दहा जणांबरोबर नोकरचाकरही गेले होते. स्वयंपाक कोणी पाहायचा, खोल्या कोणी आवरायच्या, याची वाटणी पहिल्याच दिवशी झालेली आहे. शंभर गोष्टींपैकी एकही गोष्ट मात्र त्या नोकरांच्या वाट्याला आलेली नाही.

टाळेबंदीत मोबाइलवर न्यूटनचा दाखलाही वारंवार फिरत असे. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज बंद पडले, न्यूटन गावी जाऊन बसला आणि त्याने केवढे संशोधन केले. मग तुम्ही काय करता आहात? न्यूटनची बुद्धी मला शिरोधार्य आहे. पण गावी त्याच्या आईची शेतीवाडी होती, एवढे तरी त्या संदेशात लिहायला हवे होते!

आता आमच्या घराकडे येते. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. २००६ साली ती घरे कामगारांच्या ताब्यात आली. माझा जन्मही त्याच सालचा, म्हणजे मी आणि वसाहत बरोबरीच्या. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. 'घरातच राहा' हा हुकूम सुटला तेव्हा आईला त्यात नवल काहीच नव्हते. ती वर्षानुवर्षे घरातच, उंबऱ्याजवळ, मांडीवर सूप घेऊन बसलेली आहे. पान भिजवायचे, कात्रीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचे. हजार विड्या झाल्या की दिवस भरला. नवल होते ते सूप रिकामे असण्याचे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. विडीचे कारखाने बंद, माग बंद. एप्रिलपासून माणशी पाच किलो धान्य फुकट मिळू लागले, म्हणून चूल पेटत राहिली. पण तेल, मीठ, साबण आणि मोबाइलचे रिचार्ज रेशनवर मिळत नाही.

आणि नेमक्या याच दिवसांत छंदांच्या याद्या येऊ लागल्या. गच्चीवर बाग फुलवा, केक करा, गिटार शिका, डालगोना कॉफी घुसळा. (ती घुसळायला हात दुखेपर्यंत वेळ लागतो म्हणे. आमच्याकडे वेळ भरपूर होता, कॉफी नव्हती.) दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा लागले, ते मात्र वसाहतीत घरोघर पाहिले गेले. मी स्वतः काय केले म्हणाल, तर कालनिर्णयची जुनी पाने उलटून त्यांच्या मागचे लेख वाचले आणि किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून वाचले. निम्मी बातमी वाचून उरलेली मनाने पुरी करायची सवय मला तिथेच लागली.

त्या याद्यांचा मला राग येई. छंद म्हणजे भरल्या पोटाचे चोचले, असे माझे ठाम मत झाले होते, आणि अगदी परवापरवापर्यंत मी ते तावातावाने मांडत असे. आज मला वाटते, ते मत निम्मेच खरे होते. काम नसणे आणि सवड असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, ही निम्मी बाजू मी आजही सोडणार नाही. उद्याची काळजी डोक्यावर असताना मिळालेल्या वेळेला सवड म्हणणे ही थट्टा आहे. पण म्हणून आमच्या घरात छंद नव्हता असे म्हणू लागले, तर त्या वेळी डोळ्यांनी पाहिलेले मला खोटे ठरवावे लागेल.

पहिले काही दिवस आईचे हात बसेनात. बोलता बोलता ती कागदाचा कपटा घेई आणि तिच्या नकळत त्याची विडी होई. वडील म्हणाले, "अगं, कोण ओढणार ती?" ती म्हणाली, "काय करू, हाताला चैनच पडंना." वडिलांची तऱ्हा वेगळी. चार दिवस ते भिंतीकडे पाहत बसले. पाचव्या दिवशी त्यांनी खडूने फरशीवर एकात एक तीन चौकोन काढले, त्यांच्या बाजूंचे मध्य रेघांनी जोडले आणि मला हाक मारली. नवकंकरी! माझ्या नऊ सोंगट्या चिंचोक्यांच्या, त्यांच्या विटेच्या खड्यांच्या. एका ओळीत तीन आल्या की समोरच्याची एक उचलायची. किल्ल्यांच्या फरशांवर आणि लेण्यांच्या ओट्यांवर दगडात कोरलेले हे पट आजही दिसतात. पहाऱ्यावर तिष्ठत बसलेल्या कोणीतरी ते कोरले असावेत, त्यालाही घरी जाता येत नसेल. वडील माझ्याशी खेळताना हरायचे नाटक करीत नसत. माग सुरू असताना ते रात्री घरी येत तेव्हा मी झोपलेली असे. ते इतके चिडके खेळाडू आहेत हे मला चौदाव्या वर्षी कळले.

मग आईने पत्र्याच्या पेटीतून जुन्या साड्या काढल्या आणि वाकळ शिवायला घेतली. समोरच्या दारात तेलुगू बोलणाऱ्या अक्का, आमच्या दारात आई. मध्ये रस्ता, म्हणून सरकारी नियमही पाळला गेला. वाकळ कडेने शिवत आत आत न्यायची असते. धावदोऱ्याची एक ओळ, तिला समांतर दुसरी, कोपऱ्यावर वळायचे आणि पुढे जायचे. घरात पांघरुणे होती, वाकळीवाचून काही अडले नव्हते. एके दुपारी आईने हातभर झालेली ओळ लांब धरून पाहिली आणि सरळ उसवायला घेतली. मी म्हटले, "का गं? कोण बघतंय?" ती म्हणाली, "मी बघते की."

मित्रहो, ते वाक्य तेव्हा माझ्या डोक्यावरून गेले. विडीचा हिशेब निराळा असतो. कारखान्यात तपासणारा विड्या पाहतो, नापसंत विडी बाजूला टाकतो, तिची मजुरी मिळत नाही. चांगले काय आणि वाईट काय हे तो ठरवतो. शिवाय हजाराच्या हिशेबात एखादी विडी मनासारखी झाली नाही म्हणून सोडून पुन्हा वळत बसणे परवडतही नाही. वाकळीवर मात्र तपासणारी तीच होती. वाकडी ओळ तशीच ठेवली असती तर कोणाचे काही बिघडत नव्हते, सरळ केली म्हणून कोणी पैसा देणार नव्हते. केलेले काम स्वतःच्या नजरेला उतरले नाही म्हणून उसवण्याची मुभा तिला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मिळाली, आणि तीही कोणत्या दिवसांत! याला छंद म्हणायचे नाही, तर मग कशाला म्हणायचे? तिकिटे चिकटवण्याच्या वहीला?

माझी चूक इथेच झाली. निबंध लिहीत होते तेव्हा ती वाकळ माझ्या पायाशी पसरलेली होती आणि फरशीवर खडूच्या रेघा होत्या. मला त्या दिसल्या, पण शाळेच्या वहीत लिहिण्याजोग्या वाटल्या नाहीत. छंद म्हटला की तो दुसऱ्या कोणाच्या तरी घरात असतो, अशी माझी समजूत होती. माझ्यासारखे घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेले अनेक जण या वर्गांत आहेत. अर्जावरच्या 'छंद' या रकान्यात आपण सगळे 'वाचन' लिहितो. जे खरोखर वाचतात त्यांनी खुशाल लिहावे. पण कोणाची आजी ओव्या रचत असेल, कोणाचे वडील पावा वाजवत असतील, कोणी स्वतः मातीची बैले करीत असेल, तर ते आपण का लिहीत नाही? आणि जिमखान्याच्या खोलीत कॅरमशेजारी नवकंकरीचा एक पट आखायला खर्च तो किती? एक खडू.

पुढे विडीचे काम सुरू झाले आणि वाकळ अर्धीच राहिली. गुंडाळून, सुई टोचलेली, ती माळ्यावर गेली. कामाची गरज होतीच, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. गेल्या दिवाळीत कारखान्याला सुट्टी होती तेव्हा आईने ती खाली काढली. दोन दुपारी बसून तिने तीन ओळी घातल्या आणि त्यांतली एक उसवली.