‘अंतर्गत बाब’ नावाची पळवाट

म्यानमारचा विषय निघाला की मराठी माणसाकडून हमखास दोन वाक्यं ऐकायला मिळतात. पहिलं, ‘मंडाले म्हणजे टिळकांना ठेवलं होतं तेच ना?’ आणि दुसरं, ‘पण तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे, आपण कशाला पडायचं?’ ही दोन्ही वाक्यं एकच माणूस एका दमात म्हणतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. कारण दुसऱ्या वाक्याचं उत्तर पहिल्याच वाक्यात आहे.

१८९७मध्ये टिळकांना राजद्रोहाबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या सुटकेसाठी जो अर्ज विलायतेत गेला, त्यावर मॅक्स म्युलर यांची सही होती. जर्मनीत जन्मलेला, ऑक्सफर्डमध्ये शिकवणारा, हिंदुस्थानात कधी पाऊलही न ठेवलेला हा माणूस. पुण्याच्या एका संपादकाला तुरुंगात टाकणं ही ब्रिटिश साम्राज्याची ‘अंतर्गत बाब’च होती. तरी त्यांनी सही केली, आणि टिळक मुदतीआधी सहा महिने सुटले. १९०८मध्ये पुन्हा खटला झाला, सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, आणि त्या शिक्षेची नि संपाची दखल लेनिननं त्याच वर्षी आपल्या लेखात घेतली. हे सगळं आपण शाळेपासून अभिमानानं सांगतो. परक्यांनी आपल्यासाठी शब्द टाकला की तो आंतरराष्ट्रीय पाठिंबा, आणि आपल्यावर शब्द टाकायची वेळ आली की ती दुसऱ्याची अंतर्गत बाब! हा हिशोब मला जमत नाही.

काय घडलं ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या बातम्यांमधून ते केव्हाच गायब झालं आहे. नोव्हेंबर २०२०च्या निवडणुकीत आँग सान सू ची यांच्या पक्षाला प्रचंड बहुमत मिळालं. १ फेब्रुवारी २०२१ला, नवी संसद भरायची त्याच दिवशी, जनरल मिन आँग ह्लाईंगच्या लष्करानं सत्ता बळकावली. पहिला नकार आला तो डॉक्टर-नर्सकडून. सरकारी दवाखान्यातल्या लोकांनी ‘या सरकारची नोकरी करणार नाही’ म्हणून काम सोडलं. त्यांच्यामागे शिक्षक, रेल्वे कामगार, बँकांचे कर्मचारी गेले. शहरांमध्ये रोज रात्री आठला घराघरांतून पातेली वाजायला लागली. घरातली इडापीडा हाकलायची ही तिथली जुनी रीत. बायकांनी आपल्या लुंग्या रस्त्यावर आडव्या दोऱ्या बांधून वाळत घातल्या, कारण बाईच्या वस्त्राखालून गेलं की पुरुषाचं तेज जातं अशी तिथली समजूत, आणि खरोखरच बंदूकधारी शिपाई त्या दोऱ्या काढल्याशिवाय पुढे यायला बिचकायचे. २२ फेब्रुवारीला देशभर सार्वत्रिक संप झाला. यात कुणाच्या हातात बंदूक नव्हती.

बंदुका समोरून आल्या. नेपिडॉमध्ये २० वर्षांच्या एका मुलीला डोक्यात गोळी लागली आणि दहा दिवसांनी ती गेली. ३ मार्चला मंडालेत १९ वर्षांची एक मुलगी मारली गेली; तिच्या टी-शर्टवर ‘सगळं ठीक होईल’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं. २७ मार्चला लष्कराचा सशस्त्र सेना दिन होता. त्या एका दिवसात शंभराहून जास्त माणसं मारली गेली. त्याच दिवशी नेपिडॉच्या संचलनाला आठ देशांचे प्रतिनिधी हजर होते. त्यांत भारताचा होता.

इथे ‘आपण कशाला पडायचं’ या प्रश्नाचा निकाल लागतो. आपण पडलेलोच आहोत. प्रश्न फक्त कुणाच्या बाजूला, एवढाच आहे.

पुढचा हिशोब पाहा. जून २०२१मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं म्यानमारकडे शस्त्रं जाऊ नयेत असं आवाहन करणारा ठराव ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर केला. ३६ देश तटस्थ राहिले, त्यांत भारत. डिसेंबर २०२२मध्ये सुरक्षा परिषदेत ठराव आला. तटस्थ राहिलेले तीन देश म्हणजे चीन, रशिया आणि भारत. २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांचे म्यानमारविषयीचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी सत्तापालटानंतर लष्कराला कुठून शस्त्रं आणि शस्त्रनिर्मितीचं सामान मिळालं याचा हिशोब मांडला. त्यात भारतातून गेलेल्या मालाची रक्कम ५.१ कोटी डॉलर होती. रशिया आणि चीनपेक्षा कमी, हे खरं. पण ‘आम्ही तटस्थ आहोत’ या वाक्यात ५.१ कोटी डॉलर बसत नाहीत.

आणि गॅस. म्यानमारच्या समुद्रातल्या ‘श्वे’ प्रकल्पात ओएनजीसी विदेशचा १७ टक्के आणि गेलचा ८.५ टक्के वाटा. त्यात भागीदार आहे म्यानमारची सरकारी तेल कंपनी, जी आता लष्कराच्या ताब्यात आहे. गॅस विक्री हा तिथल्या राजवटीच्या परकीय चलनाचा सर्वांत मोठा झरा, म्हणूनच युरोपीय संघानं २०२२मध्ये या कंपनीवर निर्बंध घातले. फ्रान्सच्या टोटलनं आणि अमेरिकेच्या शेवरॉननं त्याच वर्षी म्यानमारमधून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. आपल्या कंपन्या आहेत तिथेच आहेत. ओएनजीसी निफ्टी फिफ्टीत आहे. म्हणजे माझ्या वयाचा, माझ्या क्षेत्रातला जो कुणी दर महिन्याच्या पाच तारखेला इंडेक्स फंडात एसआयपी भरतो, तो या गॅसचा बारीकसा मालक आहे. पैसे खात्यात येताना बाब अंतर्गत नसते, ती फक्त माणूस मेला की अंतर्गत होते.

यावर शहाण्यासुरत्या मंडळींचं उत्तर तयार असतं: चीन. आपण लष्कराला दुखावलं तर ते चीनच्या कच्छपी लागेल. ऐकायला हे भारदस्त वाटतं. पण वर सांगितलेला श्वेचा बहुतेक गॅस पाइपलाइननं जातो कुठे? चीनला. आपली कंपनी भागीदार, गिऱ्हाईक चीन, आणि कारण काय, तर चीनला रोखायचं! दुसरं उदाहरण कलादान प्रकल्पाचं. सित्वे बंदरातून मिझोरामपर्यंत माल नेण्याचा करार २००८चा. बंदर चालू झालं, पण वाटेतलं पलेत्वा हे मोक्याचं गाव जानेवारी २०२४मध्ये आराकान आर्मीनं लष्कराकडून जिंकून घेतलं. ज्यांची मर्जी राखायला आपण गप्प बसलो, त्यांच्या हातात तो रस्ताच उरला नाही. नीतिमत्ता बाजूला ठेवून निव्वळ व्यवहार पाहिला तरी हा सौदा फसलेला आहे.

‘म्यानमार फार दूर आहे’ असं वाटणाऱ्यांनी आपल्याच नोकरीच्या बाजाराकडे पाहावं. थायलंडमध्ये आयटीची नोकरी, भरपूर पगार, अशा जाहिरातींना भुलून गेलेली मुलं सीमेपलीकडे म्यावाडीच्या कुंपणबंद वसाहतींत कोंडली गेली आणि त्यांच्याकडून मारहाण करून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली गेली. मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी तिथून सुटलेल्या ५४९ भारतीयांना परत आणलं. महाराष्ट्रातली मुलंही या सापळ्यात अडकली होती. या वसाहती लष्कराशी संधान बांधलेल्या सशस्त्र टोळ्यांच्या आसऱ्यानं वाढल्या. कायदा मोडून टाकलेल्या देशात काय उगवतं, याचं हे पीक, आणि ते आपल्या दारात येऊन पडलं.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो: आधी घरचं बघा. आपल्याकडे काय कमी दडपशाही आहे?

मान्य. फक्त ‘आधी’ हा शब्द मला मान्य नाही. टिळकांवर लावलं ते राजद्रोहाचं १२४-अ कलम. टिळक मंडालेला गेले तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. १९३७मध्ये तो वेगळा झाला, पण दंडसंहिता तीच राहिली. फेब्रुवारी २०२१मध्ये लष्करानं हे १२४-अ काढलं, लष्कराच्या सोयीचं करून अधिक रुंद केलं, आणि शेजारी ५०५-अ नावाचं नवं कलम बसवलं, ज्याखाली नुसती ‘भीती पसरवली’ म्हणून तीन वर्षं आत टाकता येतं. आपल्याकडे १२४-अ मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थगित ठेवलं आणि जुलै २०२४पासून ते नव्या संहितेत १५२ क्रमांकाचं कलम होऊन आलं. एकाच बापाची दोन पोरं.

माझ्या धंद्यातलं उदाहरण यापेक्षा बोलकं आहे. ४ फेब्रुवारी २०२१ला म्यानमारमध्ये फेसबुक बंद केलं गेलं. दुसऱ्या दिवशी, ५ फेब्रुवारीला, जम्मू-काश्मीरमध्ये १८ महिन्यांनी फोर-जी चालू झालं. म्यानमारमध्ये मग रोज रात्री इंटरनेट जाऊ लागलं, मार्चमध्ये मोबाइल डेटा गेला, एप्रिलमध्ये वायरलेस ब्रॉडबँड. ‘अ‍ॅक्सेस नाऊ’ ही संस्था दरवर्षी जगभरच्या इंटरनेटबंदीची मोजदाद करते. वर्षानुवर्षं पहिला नंबर आपला असायचा. २०२४मध्ये आपल्याला मागे टाकलं ते म्यानमारनं, ८५ विरुद्ध ८४. लष्करी हुकूमशाही आणि जगातली सर्वांत मोठी लोकशाही यांच्यात एका बंदीचं अंतर! म्हणून तिथल्या बंदीविरुद्ध बोलणं ही घरच्या प्रश्नापासून पळ काढण्याची युक्ती नाही. तिथे जे चुकीचं म्हणाल ते इथे बरोबर म्हणता येणार नाही, आणि नेमकी हीच अडचण अनेकांना नको असते.

तिसरा आक्षेप: ते आता शांततावादी कुठे राहिलेत? त्यांनीही बंदुका उचलल्या. काही जणांनी उचलल्या, हो. पण क्रम विसरू नका. आधी कित्येक आठवडे निःशस्त्र माणसं रस्त्यावर मरत होती आणि गांधींचा देश संचलनाला प्रतिनिधी पाठवत होता. अहिंसक आंदोलनाला जगाकडून काहीच मिळत नाही असं दिसलं, की विशीतल्या पोरांना जंगलाची वाट दाखवणाऱ्यांचं फावतं. शांततेच्या वेळी जो सोबत उभा राहिला नाही, त्याला नंतर हिंसेबद्दल नाक मुरडायचा हक्क नाही. आणि आजही नोकरीवर परत न गेलेले डॉक्टर आणि लपून शिकवणारे शिक्षक आहेतच. ते कुठल्याही फौजेत नाहीत. सू ची यांनी २०१९मध्ये हेगच्या न्यायालयात रोहिंग्यांवरच्या अत्याचारांबाबत याच लष्कराची पाठराखण केली होती, हेही विसरायचं कारण नाही. पाठिंबा एका नेत्याच्या मूर्तीला द्यायचा नसतो. सत्तापालटानंतर अनेक बर्मी तरुणांनी रोहिंग्यांची उघड माफी मागितली, पाठिंबा त्यांना द्यायचा.

मग करायचं काय? सर्वांत जवळचं काम सीमेवर आहे. १० मार्च २०२१ला केंद्रीय गृहखात्यानं ईशान्येच्या राज्यांना पत्र लिहून लोंढा रोखायला सांगितलं. मणिपूरच्या गृहखात्यानं तर निर्वासितांसाठी अन्न-निवाऱ्याच्या छावण्या उघडू नका असा आदेशच काढला, आणि ओरड झाल्यावर मागे घेतला. मिझोरामनं मात्र दार उघडलं. तिथल्या गावांनी, चर्चनी, यंग मिझो असोसिएशननं ३० हजारांहून जास्त माणसांना सामावून घेतलं, तेही पुण्या-मुंबईनं नाही, जेमतेम अकरा-बारा लाखांच्या राज्यानं. ३ मे २०२१ला मणिपूर उच्च न्यायालयानं पत्रकारांसह सात म्यानमारी नागरिकांना दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयापर्यंत सुरक्षित जाऊ द्या म्हणून निकाल दिला, आणि जिथे जीव जाईल तिथे माणसाला परत न ढकलणं हे राज्यघटनेच्या कलम २१मध्ये येतं असं म्हटलं. हे आपलं न्यायालय, आपली राज्यघटना. तरीही २०२४मध्ये मणिपुरातून माणसं परत पाठवली गेलीच, कारण निर्वासितांसाठी आपल्याकडे कायदाच नाही. तो व्हावा अशी मागणी आपल्या खासदाराकडे करायला म्यानमारला जावं लागत नाही. ओएनजीसीचा पैसा नेमका कुणाच्या खात्यात जातो हा प्रश्न संसदेत आणि भागधारकांच्या सभेत विचारायलाही नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना थोडं वेगळं सांगायचं आहे. आपला उत्साह धोकादायक ठरू शकतो. सत्तापालटानंतर पहिल्याच दिवसांत म्यानमारमध्ये लाखो लोकांनी इंटरनेटशिवाय ब्लूटूथवर चालणारं एक मेसेजिंग अ‍ॅप उतरवून घेतलं. त्याच्या सुरक्षेतली भोकं संशोधकांनी काही महिन्यांपूर्वीच दाखवून दिली होती. जिथे पकडलं गेल्याची किंमत तुरुंग आहे, तिथे आठवड्याच्या सुट्टीत लिहिलेलं कच्चं अ‍ॅप ‘क्रांतीसाठी’ म्हणून वाटणं हा गुन्हाच. मोर्चाचे फोटो चेहरे न झाकता फिरवणंही तसंच, कारण पोलीसही तेच फोटो बघतात. त्यापेक्षा साधं काम करा. टॉर प्रकल्पाचं ‘स्नोफ्लेक’ हे एक्स्टेंशन ब्राउझरमध्ये टाकून ठेवा. बंदीखालचा माणूस तुमच्या कनेक्शनमधून टॉरच्या जाळ्यापर्यंत पोचतो, बाहेरून पाहणाऱ्याला ती रहदारी व्हिडिओ कॉलसारखी दिसते, आणि तो पुढे कुठल्या संकेतस्थळावर गेला ते तुमच्या नावावर येत नाही. इंटरनेट पूर्ण तोडलं तर याचा उपयोग शून्य, हेही सांगतो. पण २०२४पासून तिथे व्हीपीएनच अडवली जात आहेत, आणि जानेवारी २०२५मध्ये केलेल्या सायबर सुरक्षा कायद्यानं विनापरवाना व्हीपीएन पुरवणं हा गुन्हा ठरवला. अशा वेळी आपल्याकडची पडून असलेली बँडविड्थ फुकट देणं फार मोठा त्याग नाही.

१९४६मध्ये भारतानं दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवरच्या अन्यायाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. अजून आपण स्वतंत्रही झालो नव्हतो. दक्षिण आफ्रिकेचं उत्तर ठरलेलं होतं: ही आमची अंतर्गत बाब आहे. आपण तेव्हा ते ऐकून घेतलं नाही. ते चूक होतं असं आज कुणी म्हणत नाही. मग आज तेच वाक्य आपल्या तोंडी कुणी घातलं, एवढं प्रत्येकानं स्वतःला विचारावं. आणि मंडालेला टिळकांची कोठडी कुठे होती ते शोधत कधी गेलात, तर १२४-अखाली आज तिथल्या तुरुंगात कोण बसलं आहे, तेही विचारून या.