लिहायला डोंगर नको, टेबल द्या

पाऊस सुरू झाला की टाइमलाइनवर एक फोटो हमखास येतो. धुक्यातला डोंगर, होमस्टेची गॅलरी, वाफाळता चहा आणि शेजारी उघडी वही. खाली ओळ, ‘लिहायला अशी जागा हवी.’ फोटो छान असतो, मीही लाइक करतो. पण तालुक्याच्या गावात वीस वर्षं बातमीदारी केल्यावर एक प्रश्न पडतोच. होमस्टे ज्याला परवडत नाही त्यानं लिहायचं कुठं?

घरी बसून लिहा, असं सांगणं सोपं आहे. दोन खोल्या, त्यात टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, पोरांचा अभ्यास, आलागेला. घरात आपण आधी बाप असतो, सून असतो, मुलगा असतो. लिहिणाऱ्याचा नंबर शेवटी लागतो, तोवर डोळे मिटायला लागतात. म्हणून बाहेर पडावं लागतं.

आणि बाहेर म्हणजे निसर्गरम्यच लागतं असंही नाही. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिलं, साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. बाबासाहेब लंडनला शिकत असताना ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात तासन्‌तास बसायचे. तिथं कुठला धबधबा होता? पण टेबल होतं, उजेड होता आणि ‘अहो, जरा दळण आणता का’ म्हणणारं कुणी नव्हतं. आता निवांतपणासाठी माणसानं तुरुंगातच जावं, अशी वेळ आपण आणणार आहोत का?

माझ्यापुरतं सांगतो. माझं निम्मं लिखाण एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये झालंय. एक कटिंग घेतला की तासभर कुणी उठवत नाही. दुष्काळात गाव सोडून निघालेली कुटुंबं, भरतीची परीक्षा देऊन परतणारी पोरं, बाजार न मिळालेला शेतकरी, सगळे तिथंच भेटले. पत्रकाराला यापेक्षा चांगली जागा नाही.

पण हे मला जमतं, कारण मी पुरुष आहे. आमच्याकडं अंगणवाडीत काम करणाऱ्या एक ताई आहेत. फार चांगलं लिहितात. पोरं झोपल्यावर स्वयंपाकघरात, ओट्यावर वही ठेवून, उभ्यानं. मी म्हणालो, ताई, जरा बाहेर बसून लिहीत जा. त्या म्हणाल्या, “दादा, मी स्टँडवर वही उघडून बसले तर गाव काय म्हणेल?” माझ्याकडं उत्तर नव्हतं.

खरं तर उत्तर गावात आहे. त्याचं नाव सार्वजनिक वाचनालय. ही महाराष्ट्राची जुनी कमाई आहे. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं १८४०चं. १९६७ साली ग्रंथालय कायदा झाला. आज राज्यात बारा हजारांच्या आसपास अनुदानित वाचनालयं आहेत. पण तालुक्याच्या वाचनालयात आज काय दिसतं? सकाळी दोन-तीन तास, संध्याकाळी दोन-तीन तास, मधे कुलूप. लांब टेबलावर पेपर पसरलेले. वही काढली की ‘इथं फक्त पेपर वाचायचे’. बाईमाणसासाठी स्वच्छतागृह नाही. स्पर्धा परीक्षेची पोरं म्हणूनच महिन्याला पैसे भरून खासगी अभ्यासिकेत बसतात. लिहिणारा तिथंही बसत नाही.

दोष ग्रंथपालाचा नाही. तो बिचारा तुटपुंज्या पगारात दिवस काढतोय. शेजारच्या कर्नाटकात १९६५ च्या कायद्यानं मालमत्तेवरच्या करासोबत ग्रंथालयासाठी उपकर गोळा होतो. आपल्या कायद्यात तशी तरतूदच नाही. सगळी भिस्त सरकारी अनुदानावर, आणि ते वेळेवर येईल याची खात्री नाही.

बरं, मनात आणलं तर होतं. साताऱ्यातलं भिलार २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं. लोकांनी आपल्या घरात पुस्तकं ठेवली, येणाऱ्याला बसायला जागा दिली. चांगलंच झालं. पण प्रत्येकाला भिलारला जाणं जमणार नाही. ती जागा आपल्या गावात, चालत जाण्याच्या अंतरावर हवी.

मागणी फार मोठी नाही. नगरपालिकेनं वाचनालयातली एकच खोली रात्री दहापर्यंत उघडी ठेवावी. चार टेबलं, आठ खुर्च्या, दोन दिवे, प्यायचं पाणी, स्वच्छ संडास आणि बाईला निर्धास्त बसता येईल एवढी देखरेख. एका स्वागत कमानीला जेवढा खर्च येतो त्यात हे वर्षानुवर्षं चालेल.

साहित्य संमेलनाच्या मांडवात ‘नवीन माणसं लिहीत नाहीत’ असा गळा काढणाऱ्यांनी एकदा आपल्या गावच्या वाचनालयात संध्याकाळी आठ वाजता जाऊन यावं. कुलूप दिसलं तर मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्यावा. मी आमच्याकडं दिलाय, पोचपावती घेतलीय. तुम्हीही द्या.